नाशिकहून बाड गास्टाइन: आई-बाबांना घेऊन धबधब्याच्या आणि गरम पाण्याच्या गावाला कसं जायचं

ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतात बाड गास्टाइन नावाचं छोटंसं गाव आहे. गावाच्या अगदी मधोमध धबधबा कोसळतो, जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात आणि दरीच्या दोन्ही बाजूंना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या उंचच उंच इमारती उभ्या आहेत. आम्ही पाच जण जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे जाऊन आलो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. टूर कंपनीबरोबर न जाता सगळं स्वतः केलं आणि करताना इतक्या ठिकाणी अडकलो की परत आल्यावर ठरवलं, हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, म्हणजे नाशिकहून पुढे जो कोणी जाईल त्याचा वेळ आणि पैसा वाचेल.

हेच गाव का, ते आधी सांगते. आईचा गुडघा दुखतो, बाबांना शुगर आहे. दहा दिवसांत सात देश, रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये बसायचं, ते त्यांच्याच्याने झालं नसतं. मला असं एक ठिकाण हवं होतं की जिथे चार रात्री राहता येईल, खिडकीतून डोंगर दिसेल, चालायला सपाट रस्ते असतील आणि दुपारी गरम पाण्यात बसता येईल. बाड गास्टाइनमध्ये हे सगळं आहे, पण गाव उभ्या चढावर वसलेलं आहे, त्यामुळे तयारी न करता म्हातारी माणसं घेऊन गेलात तर हाल होतात. खालची निम्मी माहिती त्याच तयारीची आहे.

१. आधी महिना ठरवा

आपल्याकडे शाळेची सुट्टी साधारण एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. आणि नेमकं एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत बाड गास्टाइनमधलं बरंच काही बंद असतं, म्हणजे हिवाळ्याचा स्कीइंगचा सीझन संपलेला आणि उन्हाळ्याचा सुरू झालेला नसतो. रोपवे बंद, अर्धी हॉटेलं बंद. नोव्हेंबरमध्येही तसंच, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर सोडून द्या.

माझ्या मते मेचा शेवटचा आठवडा ते १० जून हा आपल्यासाठी सगळ्यात चांगला काळ. डोंगरावरचा बर्फ वितळत असतो म्हणून धबधबा भरलेला असतो, आणि मुलगा शाळा सुरू व्हायच्या आत घरी. फक्त गावाच्या वरच्या श्टुबनरकोगेल ह्या डोंगराचा रोपवे त्या वर्षी कोणत्या तारखेला सुरू होतोय ते त्यांच्या वेबसाइटवर बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा, हा क्रम उलटा करू नका.

२. पासपोर्ट काढून बघा, आजच

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परत यायच्या तारखेनंतर अजून किमान ३ महिने चालू राहणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. नूतनीकरणासाठी नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबईला जायची गरज नाही.

इथे एक गोष्ट नक्की तपासा. जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर नावाचा घोळ असतो. माझ्या आईच्या पासपोर्टवर वडिलांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव मधे आहे, आधारवर नाही आणि बँकेच्या पासबुकावर फक्त इनिशियल आहे. विमानाचं तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव टाका, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

३. शेंगेन व्हिसा

सगळ्यात जास्त टेन्शन ह्याचंच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण अर्ज मात्र ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार तो देश. आमचं विमान जर्मनीत म्युनिकला उतरणार होतं, म्हणून आधी आम्ही म्युनिकला तीन आणि ऑस्ट्रियात तीन रात्री असं ठरवत होतो, म्हणजे अर्ज जर्मनीकडे गेला असता. मग म्युनिकच्या दोनच केल्या, बाड गास्टाइनच्या चार आणि साल्झबर्गची एक, म्हणजे ऑस्ट्रियाच्या पाच झाल्या आणि प्रश्न सुटला. हे कागदावर आधी मांडा, बुकिंग नंतर.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. शेवटच्या दिवसांवर अजिबात विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. जूनमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अपॉइंटमेंट घ्या. ऑस्ट्रियाचे अर्ज व्हीएफएस ह्या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर घेतात, आम्ही मुंबईला दिले. बोटांचे ठसे द्यायचे म्हणून प्रत्येकाला स्वतः जावं लागतं (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत). सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलो आणि संध्याकाळी परत, अपॉइंटमेंट दुपारची घेतली होती म्हणून ते जमलं. सकाळची घेऊ नका, गाडी अर्धा तास लेट झाली तर जीव टांगणीला लागतो.

फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

आम्ही प्रत्येकाची वेगळी फाइल केली होती, त्यात हे होतं:

- ऑनलाइन भरलेला अर्ज, सही करून
- मूळ पासपोर्ट, जुना असेल तर तोही, आणि झेरॉक्स
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे दोन फोटो, पांढऱ्या बॅकग्राउंडवर
- जायचं-यायचं विमानाचं बुकिंग
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग, एकही रात्र मोकळी सोडायची नाही
- किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, जायच्या दिवसापासून यायच्या दिवसापर्यंत
- बँक स्टेटमेंट, बँकेचा शिक्का आणि सहीसकट
- इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरी असेल तर सॅलरी स्लिप आणि कंपनीचं रजेचं पत्र
- बाबांसाठी पेन्शनचे कागद, आणि खर्च आम्ही करणार असं आमचं पत्र
- मुलासाठी जन्मदाखला, शाळेचं पत्र, दोन्ही पालकांच्या सह्या
- कुठे कधी काय करणार ह्याचं इंग्रजीत एक पानी कव्हरिंग लेटर

कोणते कागद लागतात ते बदलत असतं, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी साइटवरची चेकलिस्ट परत एकदा बघा.

आम्ही दोन ठिकाणी चुकलो. एक, घराजवळच्या फोटो स्टुडिओत "व्हिसाचा फोटो" एवढंच सांगितलं आणि त्याने पाचही जणांचे दोन इंच बाय दोन इंचाचे काढून दिले. ते दुसऱ्या देशाच्या व्हिसाला लागतात, शेंगेनला नाही, सगळे परत काढले. मिलिमीटरमध्ये माप कागदावर लिहून न्या. दुसरं, बाबांचं बँक स्टेटमेंट मी नेटवरून डाउनलोड करून प्रिंट काढलं होतं, शिक्का नव्हता. ब्रँचमध्ये गेले तर मार्चएन्डची गर्दी, साहेब नाहीत, उद्या या, असं करत तीन चकरा झाल्या. मार्चचा शेवटचा आठवडा टाळा.

पासपोर्ट परत आला की पाकीट तिथल्या तिथे उघडा आणि व्हिसावरचं नाव, तारखा आणि राहायचे दिवस वाचा. चूक असेल तर लगेच सांगता येते.

४. हॉटेल घेताना नकाशा बघू नका, उंची बघा

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि कोणी सांगत नाही.

गाव साधारण १,००० मीटर उंचीवर आहे, पण "गाव" म्हणजे सप्तशृंगीच्या पायऱ्यांसारखं एकावर एक रचलेलं आहे. रेल्वे स्टेशन वरच्या अंगाला, जुनं गाव आणि धबधब्याचा पूल खाली. नकाशावर स्टेशनपासून हॉटेल पाचशे मीटर दिसतं, प्रत्यक्षात ते पाचशे मीटर उताराचे किंवा चढाचे असतात, बॅगा घेऊन. सत्तरीची माणसं बरोबर असतील तर वरच्या पातळीवर, स्टेशनच्या आसपास हॉटेल घ्या. रोपवे आणि गरम पाण्याचे तलाव दोन्ही स्टेशनच्या समोरच आहेत, म्हणजे दिवसातल्या दोन मोठ्या गोष्टी चढ न चढता होतात. खालच्या गावात दिवसातून एकदा सावकाश उतरायचं आणि वर येताना बस धरायची. वरचा आणि खालचा रस्ता जोडणारी सार्वजनिक लिफ्टही आहे, तुमच्या हॉटेलपासून ती कुठे पडते ते विचारून ठेवा.

धबधब्याला लागून असलेल्या खोल्यांचे फोटो फार सुंदर असतात. पण तो आवाज चोवीस तास चालू असतो, खिडकी बंद केली तरी येतो. मला आवडला असता, आईला झोप लागली नसती. झोप हलकी असेल तर मागची खोली मागा.

बुकिंग करताना हॉटेलला एक मेल टाका आणि चार गोष्टी विचारा: हॉटेलात लिफ्ट आहे का, स्टेशनवर घ्यायला येता का, खोलीत स्वयंपाकघर आहे का, आणि गेस्ट मोबिलिटी तिकीट देता का. हे शेवटचं फार उपयोगी आहे. मे २०२५ पासून साल्झबर्ग प्रांतात मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना प्रांतातली सार्वजनिक वाहतूक ह्या तिकिटावर वापरता येते, हॉटेलवाले तुमची नावं ऑनलाइन भरून ते देतात. आम्ही पाच जण रोज बसने फिरलो. हॉटेलच्या बिलात माणशी प्रत्येक रात्रीचा स्थानिक कर वेगळा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा धरलेला नसतो, तेव्हा बजेटमध्ये जागा ठेवा.

५. बॅग भरताना

नाशिकचा माणूस चिवडा घेतल्याशिवाय कुठे जात नाही, तो खुशाल न्या. पण तूप, पेढे, बर्फी, पनीर, असं दुधाचं काहीही बाहेरच्या देशातून युरोपात न्यायला बंदी आहे, मांसाचे पदार्थही नाहीत. आईने तुपाची बरणी भरून ठेवली होती, ती शेवटच्या रात्री बॅगेतून काढायला लावली आणि तिला फार वाईट वाटलं, म्हणून घरच्यांना आधीच सांगा. ताजी फळंसुद्धा बहुतेक चालत नाहीत, म्हणजे आपली द्राक्षं इथेच. आम्ही मेतकूट, तेलावर भाजलेलं उपम्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि थेपले नेले होते. खोलीत इंडक्शन होतं म्हणून बाबांचं पथ्य सांभाळता आलं.

बाकी:

- रेनजॅकेट प्रत्येकाला. त्र्यंबकला पावसात छत्रीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तिथेही तेच.
- जूनमध्येही रात्री थंडी असते, डोंगरावर तर दुपारीही. एक स्वेटर, कानटोपी.
- पकड असलेले बूट, चपलांवर चालायचं नाही.
- प्लग. आपली तीन जाड पिनांची पिन तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा अडॅप्टर लागतो.
- औषधं डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसकट आणि हँडबॅगेत. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे संपलं तर लगेच मिळणार नाही.
- स्विमिंग कॉश्च्यूम, ह्याबद्दल खाली सातव्या मुद्द्यात वाचा.
- फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो. डोंगरावरच्या छोट्या हॉटेलात रोख बरे पडतात.

६. म्युनिकपासून गावापर्यंत

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवीन नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, म्हणजे विमानतळावर उतरल्यावर फोटो काढतात आणि ठसे तपासतात. रांगेचा वेळ धरा आणि पुढच्या गाडीचं ठरावीक वेळेचं स्वस्तातलं तिकीट लगेचच्या गाडीचं काढू नका.

म्युनिक ते साल्झबर्गसाठी "बायर्न टिकेट" घ्या. हे दिवसभराचं ग्रुप तिकीट आहे, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं, विमानतळावरच्या लोकल गाडीलाही चालतं आणि साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. अट अशी की सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच, आणि फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांमध्ये. चकचकीत एक्सप्रेस समोर आली म्हणून चढलात तर दंड होतो. विमानतळावरून लोकलने थेट मुख्य स्टेशनला जायच्याऐवजी ओस्टबानहोफला उतरा, साल्झबर्गची गाडी तिथेही थांबते आणि चालणं कमी होतं.

साल्झबर्गहून बाड गास्टाइन साधारण दीड तास. ऑस्ट्रियन रेल्वेचं तिकीट त्यांच्या ॲपवर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. डोंगरातला मार्ग आहे, दुरुस्तीसाठी कधी काही भाग बंद ठेवून बस सोडतात, त्यामुळे त्या तारखेचं टाइमटेबल ॲपवर बघूनच निघा.

आणि आता खरा सापळा. त्या दरीत लागोपाठ तीन स्टेशनं आहेत: डोर्फगास्टाइन, बाड होफगास्टाइन आणि बाड गास्टाइन. आम्ही अनाउन्समेंटमध्ये "बाड" आणि "गास्टाइन" ऐकलं आणि पाचही जण सगळ्या बॅगांसकट होफगास्टाइनला उतरलो. गाडी गेली, प्लॅटफॉर्मवर आम्ही पाच आणि समोर नुसतं कुरण. ते गावही स्टेशनपासून लांब आहे. तासाभराने पुढची गाडी मिळाली. बाबा तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मच्या बाकावर शांतपणे चिवडा खात बसले, पण ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांना हे नको. साल्झबर्गकडून येताना गास्टाइन नावाचं तिसरं स्टेशन आपलं, एवढं लक्षात ठेवा.

७. गरम पाणी: काय करायचं आणि काय नाही

इथल्या झऱ्यांमधून रोज सुमारे ५० लाख लिटर पाणी येतं आणि ते ४६ अंशांच्या आसपास गरम असतं. आपण वज्रेश्वरी-गणेशपुरीला जातो तिथे गंधकाचा वास येतो ना, तसा वास ह्या पाण्याला अजिबात नाही. त्यात रेडॉन नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात असतो, त्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे.

सर्वसाधारण पाहुण्यांनी जायची जागा म्हणजे फेल्झनथेर्मे, स्टेशनच्या समोर. १९६८ साली गेरहार्ड गार्स्टेनाउअर ह्या आर्किटेक्टने हे बांधलं, आतल्या तलावाच्या एका बाजूला डोंगराचा खराखुरा कातळ तसाच ठेवलाय. पाणी थंड करून सोसेल इतकं कोमट ठेवतात. बाहेरच्या तलावात बसलं की मान पाण्याबाहेर आणि समोर बर्फाचे डोंगर.

नियम असे की आधी साबणाने अंघोळ, मग पाण्यात. सुती कपडे, साडी, बर्म्युडा, आतले कपडे चालत नाहीत, पोहायचाच कॉश्च्यूम लागतो. आईचं सगळं अडलं होतं ते इथेच. शेवटी आम्ही नाशिकमध्येच तिच्यासाठी बाह्यांचा आणि गुडघ्याखालपर्यंतचा नायलॉनचा कॉश्च्यूम घेतला, घरी दोनदा घालून बघायला लावला, आणि तिथे तलावाच्या कडेपर्यंत अंगावर मोठा टॉवेल गुंडाळून गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पाणी कोमट लागलं तशी थांबली, दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी वर घेतलं आणि रामकुंडावर म्हणते तसं हळूच "हर गंगे" म्हणाली, मग पुढच्या पायऱ्या स्वतः उतरली, माझा हात न धरता. बाजूला एक तिच्याच वयाच्या जर्मन बाई होत्या, त्यांनी सरकून कठड्याजवळची जागा दिली. नंतरच्या तीन दिवसांत आईच सकाळी विचारायची, आज किती वाजता जायचं.

महत्त्वाची सूचना: सौना असलेला भाग वेगळा असतो आणि ऑस्ट्रियात सौनामध्ये कपडे न घालता, स्त्री-पुरुष एकत्र बसायची पद्धत आहे. त्यांच्याकडे ते अगदी साधं समजलं जातं. पण माहीत नसताना आई-वडील आणि मुलाला घेऊन तिकडे वळलात तर सगळ्यांनाच अवघड होतं. तिकीट घेताना फक्त तलावांचं घ्या.

पाण्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर पडून आराम, भरपूर पाणी प्या. बीपी, हृदयाचा त्रास, शुगर असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा. आमच्या डॉक्टरांनी बाबांना जेवल्यावर लगेच आणि रिकाम्या पोटी दोन्ही वेळा जायचं नाही असं सांगितलं होतं.

गावापुढे बोकश्टाइनला हाइलश्टोलन म्हणून बोगदा आहे. १९४० च्या दशकात तिथे सोनं शोधायला खोदत होते, सोनं फारसं मिळालं नाही पण आत गरम दमट हवा लागली आणि कामगारांचे सांधेदुखीचे त्रास कमी झाल्यासारखे वाटले, म्हणून पुढे अभ्यास होऊन तिथे उपचार सुरू झाले. छोट्या रेल्वेने डोंगराच्या पोटात नेतात, आत ३७ ते ४१.५ अंश तापमान असतं. तिथल्या डॉक्टरची तपासणी झाल्याशिवाय नेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. संधिवात आहे म्हणून कोणी सांगितलं आणि गेलो, असं करायची ही जागा नाही. आम्ही आईला नेलं नाही.

८. धबधबा आणि जुनं गाव

गास्टाइनर आखे नावाची नदी तीन टप्प्यांत मिळून ३४१ मीटर खाली येते. आपल्याकडे सोमेश्वरचा दूधसागर बघायला आपण पावसाळ्यात गर्दीत जातो, दुगारवाडीला तर जपूनच जावं लागतं, इथे मात्र गावाच्या मुख्य रस्त्यावरचा पूल धबधब्याच्या अंगावरून जातो. पुलावर उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, चष्म्यावर तुषार बसतात. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. सकाळी आठच्या आत या, तेव्हा कोणी नसतं आणि ऊन समोरच्या इमारतींवर असतं. कडेने खाली उतरणारी पायवाट आहे, ती ओली असते, गुडघे दुखणाऱ्यांनी पुलावरूनच बघावं, काही कमी दिसत नाही.

पुलाजवळच श्ट्राउबिंगर हॉटेलची इमारत आहे. १४ ऑगस्ट १८६५ ला ऑस्ट्रिया आणि प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) ह्यांच्यात गास्टाइनचा करार झाला तो इथे. श्लेसविग आणि होल्श्टाइन ह्या दोन प्रांतांचा कारभार वाटून घेतला, आणि पुढच्याच वर्षी दोघांमध्ये युद्ध झालं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क, जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, सगळे इथे पाण्यासाठी यायचे. शेजारचं बाडेश्लोस त्याहून जुनं, १८व्या शतकाच्या शेवटी साल्झबर्गच्या आर्चबिशपने बांधलेलं. १९०५ मध्ये रेल्वे आली आणि गाव आणखी वाढलं. नंतर ह्यातल्या मुख्य इमारती बरीच वर्षं बंद पडून होत्या, काचा फुटलेल्या, आणि २०२३ मध्ये त्या दुरुस्त होऊन परत उघडल्या. मी तिथे उभी होते तेव्हा मला पंचवटीतले वाडे आठवत होते, लाकडी खांब, कोरीव तुळया, आणि एकेक करून उतरवले जाणारे. इथे जुन्या भिंती ठेवून आतून नवीन केलंय, आपल्याकडेही हे होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

सेंट निकोलस चर्च छोटं आहे, पण नक्की बघा. १५व्या शतकातलं, मध्ये एकच खांब आणि सगळं छत त्याच्यावर, भिंतींवर जुनी चित्रं. प्रवेश मोफत. आवाज न करता बसा.

९. बाकीचे दिवस कसे लावायचे

आकाश स्वच्छ असेल त्या सकाळी सगळं सोडून श्टुबनरकोगेलचा रोपवे पकडा. वर २,२०० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरपेक्षा खूप वर. १४० मीटर लांबीचा झुलता पूल आहे आणि एका बाजूला ऑस्ट्रियातलं सगळ्यात उंच शिखर ग्रोसग्लॉकनर दिसतं, ३,७९८ मीटर. ढग असतील तर तिकीट काढू नका, वर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. खाली स्टेशनवर आणि वेबसाइटवर वरचा लाइव्ह कॅमेरा असतो, तो बघा.

आई-बाबांसाठी सगळ्यात छान काय ठरलं तर दोन सपाट वाटा. कैसर विल्हेल्म प्रोमेनाड कोट्शाखटाल दरीच्या बाजूला जाते आणि कैसरिन एलिझाबेथ प्रोमेनाड बोकश्टाइनकडे. झाडी, मधेमधे बाकं, खाली नदी. जाताना चालायचं आणि येताना बस.

एक दिवस बसने श्पोर्टगास्टाइनला जा. १,६०० मीटरवरचं मोठं कुरण, गाई, आणि वाटेत केसलफाल, बेरेनफाल आणि श्लायरफाल हे तीन धबधबे. स्वतःची गाडी असेल तर ह्या रस्त्याला टोल आहे. शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारा, वर अडकायला नको.

बाड होफगास्टाइनला वायट्मोझर नावाच्या सोन्याच्या खाणवाल्यांचा १६व्या शतकातला छोटा वाडा आहे. त्या घराची एक गोष्ट सांगतात. मालकीण घोड्यावरून चालली होती, भिकारणीने हात पसरला, तर हिने बोटातली अंगठी दरीतल्या पाण्यात फेकली आणि म्हणाली, ही अंगठी जशी मला परत दिसणार नाही तशी मी कधी गरीब होणार नाही. तीन दिवसांनी माशाच्या पोटात तीच अंगठी निघाली, आणि घराणं बुडालं. आई लगेच म्हणाली, "शकुंतलेचीच अंगठी, फक्त उलटी." मुलाला तिथेच बाकावर बसून शकुंतलेची गोष्ट सांगून झाली.

१०. खाणं

शाकाहारी असाल तर "वेगेटारिश" हा शब्द पाठ करा, आणि तरी विचारा. फ्रिटाटेनझुप्पे हे सूप दिसायला साधं असतं, वर धिरड्याच्या पट्ट्या, पण पाणी गोमांसाचं असतं. क्नोडल म्हणजे मोठे गोळे, त्यातल्या काहींत डुकराचं मांस घातलेलं असतं. बिनधास्त मागवण्यासारखं म्हणजे कासनोकन, म्हणजे पिठाचे छोटे तुकडे भरपूर चीजमध्ये, वर तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर कायझरश्मारन, जाड गोड धिरडं तुकडे करून, सोबत आलुबुखाऱ्याचा मुरंबा. मुलगा चार दिवस तेच खात होता.

नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुपरमार्केट बंद, म्हणून शनिवारी दुपारीच दूध, ब्रेड, फळं, दही भरून ठेवा. आम्ही रविवारी पोहोचलो आणि बाबांना रात्री मेतकूट-भात द्यावा लागला, तांदूळ मी नेले होते म्हणून.

११. तब्येत बिघडली तर, आणि परत येताना

इमर्जन्सी नंबर ११२, अँब्युलन्ससाठी १४४. इन्शुरन्सच्या पॉलिसीचा नंबर आणि त्यांचा फोन एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते.

परतीच्या दिवशी बाड गास्टाइन ते म्युनिक विमानतळ असं एका दिवसात करायचं ठरवू नका, एक गाडी चुकली की सगळं चुकतं. आदली रात्र साल्झबर्ग किंवा म्युनिकला काढा. मुंबईला विमान रात्री उशिरा उतरत असेल तर नाशिकची गाडी आधी ठरवून ठेवा आणि ड्रायव्हरला समृद्धीने यायला सांगा, जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. आमच्या गाडीत आई इगतपुरीच्या आधीच झोपली होती, ओला कॉश्च्यूम अजून तिच्या हँडबॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. शेवटच्या दिवशी तलावात जाणार असाल तर दोन जाड पिशव्या जास्तीच्या ठेवा.